दोन ओळींचं शेलापागोटं

लेकीच्या इंग्रजीच्या धड्यात एक जुना शब्द आला होता, स्किमिंग्टन. जुन्या इंग्लंडात बायकोपुढे नवरा नमतं घेतो असं कळलं की गाव थाळ्या-पातेली बडवत त्यांच्या दारावर जायचं, दोघांची सोंगं काढून धिंड मिरवायचं. तिने वाचून दाखवलं आणि म्हणाली, "दॅट्स सो मीन, आई. डिड एनीवन से सॉरी?"

मी भांडी घासत राहिले.

आमच्या शारजातल्या मराठी मंडळात वर्षाच्या स्नेहसंमेलनाला शेलापागोटे असतात. निनावी चिठ्ठ्या खोक्यात टाकायच्या, निवेदक त्या माइकवर वाचतो, ज्याच्यावर ओळी त्याचं नाव पुकारलं की त्याने स्टेजवर जाऊन चिठ्ठीसोबतची भेट स्वीकारायची. सगळं गमतीत. दोन वर्षांपूर्वी एक चिठ्ठी मी टाकली होती:

'सकाळी बायको ऑफिसला, साहेब लाटतात पोळ्या;
व्हिसावरती लिहिलंय काय? गृहिणी! वाजवा टाळ्या!'

ज्याच्यावर लिहिलं तो माझ्या मैत्रिणीचा नवरा. आमच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले वर. त्याची नोकरी गेली होती आणि इथे राहता यावं म्हणून तिने त्याला आपल्या व्हिसावर घेतलं होतं. हे तिने सगळ्यांच्या आधी मला सांगितलं होतं, माझ्याच गाडीत, ऑफिससाठी दुबईला जाताना ट्रॅफिकमध्ये. रोजचा दीड तास आम्ही दोघीच असायचो. तो स्टेजवर गेला, भेट म्हणून आलेला झालरीचा एप्रन घातला, लाटणं उंच धरलं आणि हसला. हॉल नुसता हशाने दणाणला. त्यानंतर तो मंडळात आला नाही.

का लिहिलं? माझा नवरा रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी. मी घरी जायची ती अंधाऱ्या स्वयंपाकघरात. ती जायची ती गरम आमटीच्या वासात. मला ते बघवत नव्हतं. याहून मोठं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत ती म्हणाली, "कोणी लिहिलं असेल गं?" मी आरशात बघून लेन बदलली. तिनेच उत्तर काढलं. मंडळातल्या, घरगुती डबे करून देणाऱ्या वहिनी. नवरा घरी रांधायला लागल्यावर मैत्रिणीने वहिनींचा डबा बंद केला होता, म्हणून त्यांनी राग काढला असणार. मी नाही म्हणाले नाही. हळूहळू बाकीच्यांनीही फराळाची ऑर्डर दुसरीकडे नेली.

लेकीने सॉरीचं विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना गाड्या पार थांबल्या होत्या. मी म्हणाले, "ते शेलापागोटं मी लिहिलं होतं."

"कुठलं?" मैत्रीण म्हणाली, आणि मग तिला कळलं.

तिला उतरताही येत नव्हतं, चारी बाजूंना गाड्या. समोरच्या ट्रककडे बघतच ती म्हणाली, "वहिनींना फोन लाव. स्पीकरवर."

"आत्ता?"

"मग कधी? यल्ला, चल, लाव."

वहिनींनी उचलला. मागे कुकरची शिट्टी. मी सांगितलं, जमेल तसं.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "मी लिहिलं नाही एवढं मला माहीत होतं. तेवढ्यावरच दोन वर्षं काढली बघ."

"वहिनी, माझं चुकलं," मैत्रीण म्हणाली.

"अगं, तूही आहेस का तिथे? छान. दोन वर्षं माझ्याशी तोंड उघडलं नाहीस, ते आज सुचलं. ठेवते आता, माझी भाजी लागतेय खाली."

ऑफिसपाशी उतरताना मैत्रीण एवढंच म्हणाली, "संध्याकाळी वर ये. त्याला तूच सांग. मी मध्ये बोलणार नाही."

मी गेले. दार त्यानेच उघडलं, खांद्यावर ओले टॉवेल. उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, नाहीतर आत बसून मी दुसरंच काही बोलले असते. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मी हसलो होतो ना तेव्हा?" त्याने विचारलं.

"हो."

"खूप?"

"हो भाऊजी. सगळ्यांपेक्षा जास्त."

"तेच," तो म्हणाला. "कोणी लिहिलं याचा मी फारसा विचार केलाच नाही. मी का हसलो, ते काही केल्या जात नाही डोक्यातून. माझी लेक समोर बसली होती."

मला माफी मागायची होती. तोंडातून निघाली तीसुद्धा, पण फार हळू. त्याला ऐकू आली की नाही, माहीत नाही. आत वॉशिंग मशीन वाजायला लागलं, तसा तो वळला. बसा म्हणाला नाही, जा म्हणालाही नाही, दार उघडंच होतं. मैत्रीण आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. थोडा वेळ मी तिथेच उभी होते, मग जिन्याने खाली उतरले.