मुनीर सरांच्या रजिस्टरातली मंगळी

इथले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचते. बहुतेक वेळा दुपारी जेवण झाल्यावर, बडीशेप चघळत. आणि खाली कमेंटमध्ये "घराचं वायरिंग चेक करून घ्या" किंवा "झोप पुरेशी होते का?" असं लिहून जाणारी जी आगाऊ बाई आहे ना, ती मीच. त्यामुळे आता मीच अनुभव लिहायला बसलेय म्हटल्यावर हसणारे हसतील... हसा बापडे. मी तरी कोणाला सोडलं होतं?

मी वैशाली. लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये सॉफ्टवेअर सांभाळते. क्लास म्हणजे तुम्ही समजताय तसा चार बाकांचा नाही. तीन इमारती, दोन मेस, आणि अख्ख्या मराठवाड्यातून डॉक्टर व्हायला आलेली पोरं. दर रविवारी टेस्ट होते आणि सोमवारी निकाल वेबसाइटवर लागतो. उदगीरपासून माहूरपर्यंतचे आईबाप मोबाइल हातात धरून त्याची वाट बघतात. निकाल एक तास उशिरा लागला तर आमचा फोन तापतो.

ही वेबसाइट जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिली होती नांदेडच्या मुनीर सरांनी. आमच्याच नाही, लातूरच्या आणखी चार-पाच क्लासेसची सुद्धा. मला जावा शिकवली तीही त्यांनीच, इतवाऱ्यातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत. सर पातळ आवाजाचे, किडकिडीत, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. रागावले तरी कळायचं नाही, इतका सभ्य माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांची एकच अट असायची. प्रोग्रॅममध्ये एरर आला की कीबोर्डवरून हात काढायचा आणि पूर्ण एरर पेनाने वहीत उतरवायचा. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, फोल्डरच्या पत्त्यासकट. चाळीस ओळी असोत नाहीतर शंभर. आम्ही मुली वैतागून जायचो. मी एकदा म्हटलंही, सर, शेवटची ओळ वाचली की कळतं की. तर म्हणाले, "बेटा, मशीन अर्ज करून राहिलंय तुझ्याकडं. अर्ज पूर्ण वाचल्याबिगर निकाल देतेस काय?" त्यांचे वडील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, उर्दूत आणि मराठीत. ती सवय सरांच्या हाडात उतरली होती.

दुसरं कारण भूकंपाचं होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नांदेडहून लातूरकडे मदतीचा ट्रक गेला त्यात सर होते, कॉलेजातला पोरगा. अक्षर चांगलं म्हणून छावणीत नावं लिहायला बसवलं. घाई होती, म्हणून बाकीचे नुसतं नाव आणि गाव लिहीत होते. एका गावात एकाच नावाच्या तीन मुली. एक आई दोन दिवस भलत्याच तंबूबाहेर बसून राहिली... मुलगी होती पलीकडच्या रांगेत. सर म्हणाले, त्या दिवसापासून अर्धवट काही लिहिलं न्हाई.

म्हणूनच त्यांनी एक छोटी लायब्ररी लिहिली होती, म्हणजे प्रोग्रॅमचा एक सुटा भाग. नाव 'पूरा-नाम'. निकालात पोराचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं नीट देवनागरीत आणि बरोबर क्रमाने छापायचं तेवढंच तिचं काम. सहा सोनाली जाधव असल्या तरी प्रत्येकीला आपला निकाल सापडायचा.

सर गेल्याच्या आधीच्या दिवाळीनंतर वारले. ध्यानीमनी नसताना, झोपेतच. मी मयतीला गेले होते. गल्ली माणसांनी भरली होती, त्यात निम्मे त्यांचे विद्यार्थी.

आता मुद्द्यावर येते. त्यानंतर आठ महिन्यांनी, एका बुधवारी आमच्या क्लासचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. हार्ड डिस्क गेली. मी बिनघोर होते, कारण प्रोग्रॅमचा बॅकअप माझ्याकडे होता. नवीन कॉम्प्युटर आणला, बॅकअप टाकला आणि बिल्ड लावलं. बिल्ड म्हणजे सगळे सुटे भाग जोडून वेबसाइट तयार करणं. ते काम मेव्हन नावाचं टूल करतं. pom.xml, म्हणजे पॉम, या फाइलमध्ये काय काय लागतं त्याची यादी असते, किराण्याच्या यादीसारखी. मेव्हन ती वाचतं आणि एकेक वस्तू इंटरनेटवरून आणतं.

सगळं आणलं त्याने. फक्त 'पूरा-नाम' मिळेना. मिळणार कुठून? ती सरांनी घरी लिहिलेली, इंटरनेटवर नव्हतीच. जुन्या कॉम्प्युटरमध्ये कधीतरी हाताने बसवली होती, ती त्याच्यासोबतच गेली. स्क्रीनवर लाल अक्षरांचा ढीग, शेवटी बिल्ड फेल्युअर. मी काय केलं असेल? मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला. शेवटची ओळ वाचली. वही उघडलीच नाही. सर असते तर मान खाली घालून चष्मा पुसत बसले असते.

दोन दिवस मी डोकं आपटलं. व्हर्जन बदलून पाहिलं, यादीतून ती ओळ काढून पाहिली, तर निकालाचं पानच उघडेना. शुक्रवारी आमचे संचालक तापले. सगळ्या स्टाफसमोर म्हणाले की मुनीरने मुद्दाम एक चावी स्वतःजवळ ठेवली, म्हणजे जन्मभर त्याच्याशिवाय आपलं चालू नये. तेवढ्यावर थांबले नाहीत. सरांच्या घरीही त्यांनी फोन करून हेच ऐकवलं होतं, गुरुवारीच. आणि बाकीच्या क्लासेसना पाठवायला एक पत्र तयार होतं — मुनीर यांनी आपल्या सर्वांची फसवणूक केली आहे, सावध राहा.

वेबसाइट पुन्हा लिहिता आली असती, महिना गेला असता फार तर. पण ज्या माणसाने आयुष्यात कोणाचा पेनसुद्धा चुकून खिशात घातला नाही, त्याचं नाव मेल्यावर असं खराब होणार होतं, आणि तेही अशा वेळी की तो उठून दोन शब्द बोलू शकत नाही. मी संचालकांना म्हटलं, पत्र उद्या संध्याकाळपर्यंत थांबवा, मी नांदेडला जाऊन येते. ते म्हणाले, जा, पण उद्या संध्याकाळपर्यंतच.

शनिवारी सकाळची एसटी धरली. अहमदपूर, लोहा करत अकराच्या सुमारास नांदेडला पोचले. रिक्षाने इतवाऱ्यात. दार चाचींनी उघडलं, म्हणजे सरांच्या पत्नीने. उर्दू शाळेत शिकवून लवकर निवृत्त झालेल्या, बोलायला एकदम मोकळ्या. त्या दिवशी मात्र दार उघडून सरळ आत वळल्या. चेहरा उतरलेला.

सरांचा कॉम्प्युटर विचारला, तर तो मुलींच्या एका शाळेला देऊन टाकला होता, साफ पुसून. म्हणजे तीही वाट बंद. मी तिथेच खुर्चीवर बसले. वाटलं, संपलं सगळं.

चाची आत गेल्या आणि एक लांबट, कापडी पाठीचं रजिस्टर घेऊन आल्या. अशी अकरा होती सरांची. स्वतःचे एररही ते तसेच उतरवायचे. प्रत्येक पानावर हाताने घातलेला आकडा, प्रत्येक नोंदीवर तारीख. गुरुवारच्या फोनपासून चाचींनी ती सगळी चाळून काढली होती. त्यांनी पान एकशे बारा उघडलं, माझ्याकडे सरकवलं, आणि जरा खालच्या आवाजात विचारलं, "बेटा, एक सांग. खरं सांग. ही मंगळी कोण हाय?"

मला आधी कळेचना. त्यांनी बोट ठेवलं. सरांच्या तिरप्या अक्षरात, इंग्रजीत, एररच्या मधोमध फोल्डरचा पत्ता होता — होम, त्यापुढे मंगळी.

आता मंगळी कोण ते ऐका. आमच्या ऑफिसच्या जिन्यात जूनमध्ये एक मांजर आली. मंगळवारी आली म्हणून मी तिला मंगळी म्हणायला लागले. बुधवारी नवीन कॉम्प्युटरवर युजरचं नाव टाकायची वेळ आली, तेव्हा दुसरं काही सुचेना म्हणून तेच ठोकून दिलं. फोल्डरच्या पत्त्यात मग तेच नाव येतं. हे नाव माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं. सर जाऊन आठ महिने झाले होते, आणि मांजर जन्माला येऊन सहा तरी झाले असतील का, शंकाच आहे.

मी मोबाइल काढला. बुधवारचा फोटो उघडला आणि पानाशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. तोच एरर. पहिल्या अक्षरापासून. शेवटी मेव्हन एक ओळ छापतं, काम किती वाजता संपलं त्याची, तारखेसकट. सरांनी ती ओळही लिहिली होती, पण तारखेची जागा कोरी. आणि अख्ख्या रजिस्टरात तारीख न घातलेलं ते एकच पान होतं. एकशे अकरा आणि एकशे तेरा या दोन्ही पानांवर दोन वर्षांपूर्वीच्या तारखा. शिवण पाहिली, डिंक पाहिला... पान मागून घातलेलं नव्हतं.

एका ओळीखाली सरांनी रेघ मारली होती. वरून सातवी, एक साधी सूचना. मी फोटोत ती वाचलीच नव्हती. त्यात हरवलेल्या लायब्ररीचा पूर्ण पत्ता होता आणि त्या पत्त्यात 'पुराना' हा शब्द. माझ्या बॅकअपमध्ये याच नावाचं फोल्डर होतं. जुना कचरा समजून मी ते कधी उघडलं नव्हतं.

खाली मराठीत लिहिलं होतं: "पुरानामध्ये पूरा-नाम आहे. मुख्य पॉममध्ये त्याची नोंद परत कर. आधी ते एकटं बिल्ड कर, मग मोठं. दरवेळी बिल्डला उशीर होतो म्हणून मी ती नोंद काढली होती. वेळ वाचवायला गेलो. चूक माझी."

लॅपटॉप सोबत होताच. फोल्डर उघडलं. होती, सगळी लायब्ररी होती, कधीपासून माझ्याच बॅकअपमध्ये. पॉममध्ये एक ओळ घातली, आधी लहान बिल्ड केलं, मग मोठं. बिल्ड सक्सेस. मी सरांच्या त्या खोलीत बसून हमसून रडले. लपवायचं असतं तर या माणसाने ते आमच्याच हातात का ठेवलं असतं? आणि चूक झाली तर किती सरळ कबूल केली होती. आपण एरर आला की आधी दुसऱ्याचं नाव घेतो.

मी तिथूनच संचालकांना फोन लावला. फोल्डर कुठे होतं ते सांगितलं, सरांनी दिलेली कबुली वाचून दाखवली. मांजरीचं काही बोलले नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, चाचींना फोन दे. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. चाची नुसतं हाव, हाव म्हणत होत्या. पत्र गेलं नाही. सोमवारी निकाल वेळेवर लागला, सगळ्यांच्या आईच्या नावासकट.

या गोष्टीला आता वर्ष होत आलंय. मी माझ्या परीने सगळं तपासून पाहिलंय. शाई तीच, अक्षर तेच. सरांना तो एरर आधीच आला असेल म्हणावं, तर मंगळीचं काय करू? योगायोग म्हणून कमेंट टाकायची माझी सवय, पण इथे माझीच बोटं थांबतात. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर खाली लिहा, मी भांडणार नाही.

एक मात्र सांगते. त्या दिवशी निघताना मी चाचींना म्हटलं, सरांनी माझ्यासाठी एवढं केलं, मी हे कसं फेडू. चाचींनी रजिस्टर मिटलं, ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, "तुझ्यासाठी न्हाई, बेटा. तू हुशार हायेस, आज न्हाई तर चार दिवसांनी तुला सापडलंच असतं. पण तो फोन आल्यापासून मी दोन दिवस जेवले नव्हते."

मग त्यांनी दोन ताटं वाढली, आणि आम्ही जेवायला बसलो.