सुषमा फोटोत यावी म्हणून

तुमच्या मैत्रिणींचे फोटो कोण काढतं हो? आणि जी काढते, ती कधी फोटोत दिसते का?

आमच्या भिशीचे किस्से म्हणजे रोजचं धुणं. आजचं वाळत घालावं, तर उद्या बादली पुन्हा भरलेली! जयपुरात आम्ही चौघी मराठी मैत्रिणी: नागपूरची नलू, हाडांची डॉक्टर अनघा, फौजी नवऱ्याबरोबर आलेली सुषमा आणि मी. भिशी मानसरोवर भागात, नलूकडे. कॅमेरा सुषमाचा. त्यामुळे चार वर्षांच्या सगळ्या फोटोंत आम्ही तिघीच!

हे कळलं कधी? सुषमाच्या नवऱ्याची बदली झाली तेव्हा. निघायला तीन आठवडे राहिले होते.

"जाण्याआधी एक तरी फोटो चौघींचा हवा," नलूने फर्मान काढलं.

* * *

पहिल्यांदा स्टुलावर पोळ्यांचा डबा आणि डब्यावर कॅमेरा ठेवून टायमर लावला. फोटोत आल्या फक्त निऱ्या. चार जणींच्या, गुडघ्याखालच्या!

"हा पाय माझा!" सुषमा केवढी खूश. "आले की मी फोटोत!"

* * *

मग नलूने लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून ट्रायपॉड आणला. मजबूत म्हणजे किती मजबूत! बागेत न्यायला ऑटोत चढवताना चौघींना घाम फुटला. ऑटोवाले भैया शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, हँडपंप लगवाना है क्या?"

बागेच्या फाटकापासून हिरवळीपर्यंत तीनदा टेकलो. अनघाने कंबरेवर हात ठेवला. "डॉक्टर म्हणून सांगते, हा परत करा. नाहीतर उद्या तिघी माझ्या पेशंट."

फोटो? तो काढायला कोणात त्राण होतं!

* * *

म्हणून मी ऑनलाइन मागवला. लाटण्याएवढा हलका! मी काय ऐटीत होते त्या दिवशी. नलूच्या हॉलमध्ये उभा केला, वर कॅमेरा बसवला, चौघी सोफ्यावर बसलो. नलूने पंखा लावला मात्र, कॅमेरा हळूहळू खाली वाकायला लागला.

"हा तर नमस्कार करून राहिला, बाप्पा!"

सुषमाने झेप घेऊन कॅमेरा झेलला. फोटोत आम्ही तिघी किंचाळतोय. चौथी पुन्हा कॅमेऱ्यामागे!

* * *

एव्हाना सुषमाच्या घरी खोकी भरून झाली होती. आम्ही थेट वैशाली नगरातलं दुकान गाठलं.

"मजबूत पाहिजे आणि हलका पाहिजे," मी दुकानदाराला हिंदीत सांगितलं.

"बहनजी, सबको यही चाहिए," तो हसला.

त्याने एक काढला. नलूने त्यावर दोन्ही हात टेकून सगळा भार टाकला, पुरणयंत्र घेताना टाकतात तसा. दुकानदाराने डोळे मिटून घेतले. ट्रायपॉड उभाच! अनघाने तो एका बोटावर उचलला. पास!

मग त्याने मधल्या दांड्याखालचा हुक दाखवला. वारा असेल तर इथे जड पिशवी टांगायची.

"हलका घ्यायचा आणि मग त्याला वजन टांगायचं?" मी चक्रावले.

"ले जाते वक्त हलका, खड़ा करो तो भारी."

"आमच्या ह्यांच्या अगदी उलट!" नलू म्हणाली.

* * *

शेवटचा दिवस. सुषमाला जयपूरजवळच्या बगरू गावात फोटो हवा होता, ठशांच्या छपाईचं कापड उन्हात वाळत असतं तिथे. वारा सुटलेला. हुकाला काय टांगायचं? माझी शंकरपाळ्यांची पिशवी. चांगली दोन किलोची!

टायमर दहा सेकंदांचा. सुषमा बटण दाबून पळत यायची. पहिल्या फोटोत तिची पाठ आली, दुसऱ्यात नुसता पदर.

"साडी खोच आणि पळ!" अनघा ओरडली.

तिसऱ्यांदा ती वेळेवर पोचली. आमच्या मधोमध उभी राहिली, केस सारखे केले. तेवढ्यात कुठून तरी एक बकरी आली आणि तिने पिशवीत तोंड घातलं.

"हलू नका!" सुषमा दातांतून म्हणाली. "कोणी हलायचं नाही!"

बकरीने हिसका दिला. पिशवीचा एक बंद तुटला, शंकरपाळे सांडले. ट्रायपॉड जागचा हलला नाही.

"माझे शंकरपाळे!" मी ओरडले, आणि क्लिक!

चौघींची तोंडं उघडी. मधोमध सुषमा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी नलूकडे नाश्ता करून सुषमा निघाली. ट्रायपॉड दारात आमच्याजवळ उभा होता, आणि एका बंदाची ती पिशवी तिच्या खांद्यावर होती.