मुखेडची पाटी

डेकल पाण्यात टाकलं की वीस सेकंद थांबायचं असतं. मला ते वीस सेकंद आजवर कधी जमलेले नाहीत. बाराव्यालाच माझा चिमटा पुढे होतो.

नवऱ्यानं त्यांना स्टिकर म्हटलं तेव्हा आमचं छोटंसं भांडणच झालं. स्टिकर वह्यांवर चिकटवतात. डेकल म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ छापलेली अक्षरं. कागद भिजला की ती सुटतात, मग ओल्या कुंचल्यानं हळूच सरकवत रंगवलेल्या मॉडेलवर न्यायची. नीट बसली तर वरून लावलीत हे कुणाला कळतसुद्धा नाही. गाडी जन्मालाच ती अक्षरं घेऊन आली असं वाटतं. तो बसण्याचा क्षण आला की मी खुर्चीतल्या खुर्चीत उडते.

मी नांदेडला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. रडणाऱ्या लेकराची शीर मला पहिल्या फटक्यात सापडते, म्हणून हाताचा मला जरा गर्व आहे. आधी मी तीन विमानं केली होती, तयार सुट्या भागांची. या वेळी मात्र प्लास्टिकच्या पत्र्यातून सगळं स्वतः कापलं होतं, कारण ही गाडी आईची होती.

आई एसटीत कंडक्टर. सकाळी निलंग्याहून उदगीरमार्गे मुखेड, संध्याकाळी परत. शाळा सुटली की मी निलंग्याच्या स्टँडवर पेपरवाल्याच्या बाकड्यावर बसायची आणि गेटातून आत येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी वाचायची. आई उतरली की धावत जायची. गाडी अगदी वेळेवर असली तरी तोंड फुगवून म्हणायची, "लई उशीर केलास." आई म्हणायची, "हाव. चल आता."

येत्या शनिवारी तिची शेवटची ड्युटी होती. तिच्यासाठी मी वीतभर लांबीची तिची लाल गाडी करत होते. आईला कौतुक करता येत नाही. दहावीत मी वर्गात पहिली आले, तर तिनं गुणपत्रिका पासासारखी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "गणितातले चार कुठं गेले?" मला शनिवारी एवढंच हवं होतं, की तिनं गाडी हातात घ्यावी आणि म्हणावं, ही माझी गाडी. बाकी काही नको.

डेकलचा कोरा कागद बाहेरून मागवला होता. तो घेऊन लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे गेले. त्यानं अक्षरांचा आकार बघून चष्मा कपाळावर चढवला. "मुंग्यांचं लगीन लावून राहिलात का, ताई?" तरी छापलं त्यानं, आणि काय छापलं! 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, काना-मात्रेसकट. सगळ्याचे दोन-दोन संच. मुखेडच्या पाट्या दोन, निलंग्याच्या दोन.

घरी आले ती चप्पल न काढताच टेबलाशी बसले. लाल रंग नुकता वाळला होता, हाताला खडूसारखा लागत होता. त्यावर पहिला संच भराभरा लावून टाकला. सकाळी पाहते तर प्रत्येक अक्षराखाली चंदेरी झाक! खडबडीत रंगावर डेकलखाली हवा अडकते, आधी चकचकीत वार्निश मारावं लागतं. हे मी वाचलं होतं. वाचलं होतं आणि घाईत गिळलं होतं. खरवडताना संच वाया गेला. मी स्वतःलाच इतक्या शिव्या दिल्या की नवऱ्यानं चहा मुकाट्यानं समोर ठेवला.

आता एकच संच उरला आणि हातात तीन दिवस. वार्निश मारलं आणि पूर्ण एक दिवस गाडीला हात लावला नाही. यावर घरात अजून कुणाचा विश्वास नाही. आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात म्हणून मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणलं. मग एकेक करून दाराशेजारची सूचना, मागचा संकटकाळचा मार्ग, आणि सगळ्यात शेवटी पुढच्या काचेखाली मुखेडची पाटी. ती ठेवली, पाणी टिपलं, वरून डेकल मऊ करणारं औषध लावलं.

आणि पाटीला सुरकुत्या पडल्या. 'मुखेड' चुरगळून गोळा झालं. नवरा खांद्यावरून डोकावला. "म्हातारी झाली की गं तुझी गाडी." मी त्याला खोलीबाहेर काढलं. औषधानं डेकल आधी सुरकुततं आणि मग आपोआप ताणून बसतं, हे मला माहीत होतं; पण माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांदेखत बघणं वेगळं. हात पाठीमागे बांधून उभी राहिले. हळूहळू एकेक सुरकुती विरली. मु, खे, ड. पाटी पत्र्यात मुरली! मी अशी किंचाळले की नवरा अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आला.

शनिवारी डबा मांडीवर घेऊन निलंग्याला निघाले. आमच्या गाडीतल्या कंडक्टरनं विचारलं, "केक हाय का?" मी म्हटलं, "एसटी हाय." त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि पुढच्या सीटवर गेला.

संध्याकाळी आगारातला निरोप समारंभ उरकून आई घरी आली. शाल खुर्चीवर टाकली, नारळ ओट्यावर ठेवला. मी डबा उघडला. तिनं चष्मा लावला आणि गाडी तपासायलाच घेतली.

"मागचं बरोबर. दार बरोबर." नख पायरीवर थांबलं. "ही वाकलेली पायरी कशी ध्यानात ऱ्हायली तुझ्या?" मग तिनं गाडी समोरून धरली.

"पाटी चुकली."

माझा पारा चढला. "चुकली? मुखेडलाच जायचीस ना तू?"

"जायची. आता कुठं जायचंय मला?"

ती खुर्चीवरची शाल सरकवून बसली.

"मुखेडला उतरलं की पयलं काम पाटी फिरवायचं. ड्रायव्हर म्हणायचे, बाई, आधी चहा घ्या. मी म्हणायची न्हाई, आधी पाटी. गाडी सुटायला अर्धा घंटा ऱ्हायचा, तरी. पाटीवर निलंगा आलं की वाटायचं, निघाले. पोरीकडं निघाले."

मला हे ठाऊकच नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होते, की वाट मीच बघायची.

मुरलेली पाटी आता निघणार नव्हती. माझी सगळी फुशारकी तीच तर होती. पण डब्यात वेळेला लागेल म्हणून ठेवलेला कुंचला आणि डेकलचा कागद होता, त्यावर निलंग्याच्या दोन्ही पाट्या न वापरलेल्या. मी दह्याच्या डब्याच्या पांढऱ्या झाकणातून पट्टी कापली, वाटीत नळाचं पाणी घेतलं. आई म्हणाली, "दे, मी लावते. किती थांबायचं?"

"वीस सेकंद."

तिनं मोठ्यानं मोजले. सगळे वीस. मग कुंचल्यानं अक्षरं अशी सरळ सरकवली, की माझ्या हाताचा गर्व तिथंच उतरला. पाणी वाळल्यावर कडेला पांढरा डाग पडला, तो मी पुसला नाही. तिनं ती पट्टी मुखेडच्या पाटीवर उभी टेकवली, गाडी टेबलावर ठेवली आणि दोन बोटांनी ढकलत ढकलत माझ्यापर्यंत आणली.

"ही माझी गाडी," ती म्हणाली. "घे, आले."

मी गाडी उचलून घेतली. तोंड फुगवून म्हटलं, "लई उशीर केलास."