आत्याच्या मॉडेलनं गढूळ पाणी आधीच ओळखलं!

थांबा, हे आत्ताच सांगते, नाहीतर माझं पोट फुटेल! सुधाआत्याचं मॉडेल जिंकलं! फक्त... बघायला आत्या नाहीये. मागच्या महिन्यात ऑफिसात होते, बाबांचा फोन आला. "सुधा गेली गं." हार्ट अटॅक. मी येडपटासारखं विचारलं, "कुठे गेली?"

आत्या म्हणजे शहराला पाणी देणाऱ्या एका प्लांटच्या लॅबची हेड. जामबागला एकटी राहायची, आणि रिटायरमेंट जवळ आल्यावर तिला मशीन लर्निंगचं वेड लागलं. नदीचं पाणी अचानक गढूळ झालं की ते कळून तुरटीचा डोस वाढवेपर्यंत फिल्टरवर गाळ चढलेला असतो. "मशीननं हे आधीच सांगायला पाहिजे की नाही?" म्हणून तिनं मला पकडलं, मी डेटावाली ना! मग दर रविवारी तिच्याकडे जायचं, खिचडी आणि चिंचेचा खट्टा खायचा आणि प्लांटची जुनी रीडिंग घेऊन मॉडेलला शिकवत बसायचं.

पहिलं मॉडेल... काय सांगू! पाणी गढूळ आलं की म्हणायचं, तुरटी कमी करा! मी परेशान. आत्या हसून हसून खुर्चीतून पडायचीच बाकी. "अगं शहाणे, गढूळ पाणी बघूनच आम्ही तुरटी वाढवतो ना! तुझ्या मशीनला वाटतंय तुरटीनंच पाणी घाण होतं. लोकांनी छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला म्हणे!"

"माझं मशीन? आत्या, कॉलम तू निवडलेस!"

"हौ? मग दोघी येड्या."

मग आम्ही जार टेस्टचे आकडे घातले. म्हणजे एकच पाणी ग्लासांत भरायचं, प्रत्येकात वेगळी तुरटी टाकून ढवळायचं आणि कुठलं छान निवळतं ते बघायचं. तेव्हा कुठे मशीनला अक्कल आली!

पण प्लांटचे मोठे साहेब, राव सर, ऐकेनात. म्हणायचे, लोकांच्या पिण्याचं पाणी आहे, खेळ नाही. खरं गढूळ पाणी येऊ दे, माझ्यासमोर बरोबर सांगू दे, नाहीतर बंद करा. आत्या त्या पाण्याची वाट बघत राहिली. पाणी आलं नाही... तीच गेली.

आणि काल आलं! राव सरांनी स्वतः फोन करून मला बोलावलं. मॉडेल म्हणालं, हाच डोस ठेवला तर दुपारी फिल्टरमधून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा लिमिटच्या वर जाणार. तेव्हा तर ते पाणी अगदी साफ होतं! सर म्हणाले, "पहले जार टेस्ट." केली. चालू डोसचा ग्लास धुरकट, मॉडेलनं सांगितलेल्या डोसचा आरपार! सरांनी डोस वाढवला. दुपारी रीडिंग आलं... लिमिटच्या बरंच खाली, नव्या डोससाठी मॉडेलनं दिलेल्या आकड्याला चिकटून! लॅबमध्ये टाळ्याच टाळ्या, आणि मी रडतेय. सर म्हणाले, "नक्को रो अम्मा, तुम्हारी आत्या जीत गए." आता रोज डोस ठरवताना मॉडेलला विचारणार!

कुकटपल्लीत आमच्या नळाला त्याच प्लांटचं पाणी येतं. घरी आले, ग्लास भरला आणि प्यायच्या आधी हात आपोआप वर गेला, खिडकीच्या उजेडात. हे आत्या करायची, हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर. आम्हाला केवढी लाज वाटायची! काल मीच म्हणाले, "हं, पास!" सेम तिच्या आवाजात. मग घटाघटा प्यायले.

तुमच्या हाताला लागलीय का अशी कुणा गेलेल्या माणसाची सवय, एकदम, न सांगता? सांगा ना, झालंय का असं तुम्हाला?