तांबडा उजेड आणि नवा जावई

मी आंधळा झालो, तो माझ्या पहिल्या दिवाळसणाचा दुसरा दिवस होता.

सासुरवाडी पाटोद्याची. सासरे, म्हणजे अप्पा, किराणा दुकानदार. ते नुसते खाकरले तरी गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरायचं (मी चार!). थोरल्या मेव्हण्यानं दुबईहून डीव्हीडी प्लेअर आणि अॅम्प्लिफायर पाठवला होता. टीव्हीवर मारामारी रंगात आली होती, पण मुक्यानं!

"जावईबापू, तुमी कॉलेजात शिकवता. बघा बरं, आवाज कावून येईना?" अप्पा म्हणाले.

मी शिकवतो इतिहास! पण नव्या जावयानं 'येत नाही' म्हणायचं कसं? मी अॅम्प्लिफायरचा आवाज शेवटपर्यंत वाढवला. शांतता! मग दोन्ही यंत्रांना जोडणारी बारीक काळी वायर अॅम्प्लिफायरच्या मागून उपटली. तिच्या टोकाला तांबडा उजेड! या वायरीतून उजेड धावतो आणि त्याचाच पुढं आवाज होतो, असं खोक्यावरच्या चित्रावरून दिसत होतं. उजेड पुरेसा येतोय का, हे बघायला मी टोक थेट डोळ्याला लावलं.

"अहो, लेझर आसंल ते!" माझी बायको सुमन किंचाळली. "डोळे जातेत त्यानं!"

मी दचकून वर पाहिलं. तो उजेड डोळ्यांतच राहिला होता, बघावं तिथं ठिपका! भिंतीवर ठिपका! अप्पांच्या कपाळावर ठिपका! सासूबाईंच्या नाकावर ठिपका! मी डोळे गच्च मिटून घेतले.

"काई दिसतंय का?" अप्पांनी विचारलं.

"काहीच नाही!" (मिटल्या डोळ्यांना काय दिसणार!)

सासूबाईंनी हंबरडा फोडला. "सुमे, आत्ताशी तर लगीन झालंय गं तुझं!"

"रडू नका! जीप बोलवा, अंबाजोगाईला नेऊ. लई मोठा दवाखाना हाय तिथं!" अप्पा म्हणाले.

इतिहास शिकवायला डोळे लागत नाहीत, असा धीर मी स्वतःला देत होतो. सुमननं माझा हात घट्ट धरला.

"मसणात गेली ती वायर!" म्हणत अप्पांनी ती रागारागानं जिथली तिथं खुपसली. खट्! इतके दिवस ती पुरती बसलीच नव्हती, एवढंच!

मी शेवटपर्यंत वाढवून ठेवलेल्या आवाजाचा घरात बॉम्ब फुटला. खिडक्या थरथरल्या, मांडणीवरची ताटं खणाखणा खाली आली.

"भूकंप! भायेर पळा!" सासूबाई ओरडल्या.

मराठवाड्यात हा शब्द दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही. मी सुमनचा हात सोडला (सोडू नये, पण सोडला!), उंबरा ओलांडला, ओसरीतली फराळाची ताटं चुकवली, वाळत घातलेल्या धोतराखालून वाकून गेलो, अंगणातल्या रांगोळीवरून उडी मारली आणि थेट रस्ता गाठला. सगळ्यांच्या आधी!

मागं सुमननं यंत्र बंद केलं. अप्पा अंगणात आले. त्यांनी ताटं बघितली, धोतर बघितलं, रांगोळी बघितली, मग मला बघितलं.

"जावईबापू, रांगोळीचा एकबी ठिपका पुसला न्हाई तुमी!"

मी चटकन डोळे मिटले, हात पुढं करून हवेत चाचपले आणि विचारलं, "कोण? अप्पा का?"