पलीकडच्या अंगणातला गुलाब

दादा गेल्याचं मला भिंतीपलीकडून कळलं. सकाळी चहा घेत होतो, तोच वहिनीने हंबरडा फोडला... थोरल्या भावाच्या दारात आता कोणत्या तोंडाने जायचं, हा विचार त्या क्षणीही माझ्या मनात आला, याची लाज वाटते.

काशीगावातलं आमचं घर नव्वद सालच्या सुमारास मधोमध वाटलं गेलं. अंगणात भिंत आली. दादाने लावलेल्या वेलगुलाबाचं मूळ त्याच्याकडे राहिलं, पण ऊन माझ्या पडवीवर, म्हणून वेल इकडेच झेपावायची. गुलाबाची फांदी उभी सोडली तर शेंड्यालाच चार फुलं येतात. आडवी वाकवून बांधली की पेरापेरावरच्या डोळ्याला कोंब फुटून फूल धरते. हे एकट्याचं काम नव्हे. एकाने वाकवून धरायची, दुसऱ्याने बांधायची. दर हिवाळ्यात आम्ही दोघं ते करत आलो होतो. "दमानं घे. तुझ्यावानी ताठ हाय ती, मोडंल," असं तो म्हणायचा.

पुढे विहिरीच्या पाण्यावरून बोलाचाली झाली आणि अबोला पडला. त्या रागात एके दिवशी मी भिंतीवरून आलेल्या सगळ्या लांब फांद्या कोयत्याने छाटल्या. पुढचा बहर त्याच फांद्यांवर येतो हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच छाटल्या. त्या वर्षी एक फूल आलं नाही. नव्या फांद्या वाढल्या तसा दादा भिंतीवर चढून बसला, आणि दोरीने ओढून ओढून त्या पुन्हा माझ्याच पडवीवर बांधल्या. मी आतून पाहत राहिलो. उठून एक टोक धरायला असा किती वेळ लागला असता? पुढची पाच वर्षं हेच चाललं. फुलं माझ्या दारात यायची, आणि मी ती निर्लज्जपणे माझ्या देवाला वाहायचो.

दादाला जाऊन आता दोन महिने झाले. थंडी पडली, आणि नव्या फांद्या सुट्याच हलत होत्या. परवा न राहवून मी एक वाकवली. दोन्ही हात तिथेच अडकले. बांधणार कोण? सोडावी तर झटक्याने मोडणार. तसाच उभा राहिलो...

"धरून ऱ्हावा, भावजी. मी येते."

भिंतीपलीकडे वहिनी स्टुलावर चढली होती. हातात दादाच्या जुन्या लुंगीच्या चिंध्या. तिने पहिली गाठ मारली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दर साली दोरी लावायच्या आधी ते घटकाभर नुसते बसून ऱ्हायचे. मी इचारलं तर म्हनायचे, थांब जरा, तो येतो का बघू."

गाठ पक्की बसली तरी मला फांदी सोडवेना.