चहा न विचारणारी बँक

भांडण झालं ते पोस्टाशेजारच्या बँकेत, पंच्याण्णव सालच्या मार्गशीर्षात, सकाळी साडेनवाच्या सुमाराला. साळूबाई मॅनेजरच्या केबिनीबाहेर उकिडवी बसून फरशी पुसत होती. फरशी पुसणारी बाई उभ्या माणसांना दिसत नाही, हा तिचा जुना अनुभव. त्यामुळं सगळं तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आलं.

अकाउंटंट विष्णुपंत मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस वाईला निघाले होते. बँकेत नुकताच कॉम्प्युटर आला होता, आणि तो उघडायला ज्याचा त्याचा एक गुपित शब्द असायचा. पासवर्ड म्हणायचे त्याला. मॅनेजरांचं म्हणणं, जाताना तुमचा तेवढा सांगून जा, म्हणजे इथलं काम अडायचं नाही. पंतांचं म्हणणं, वरच्या ऑफिसला कळवा, माझ्या जागी दुसरा नेमतील, त्याला त्याचा स्वतःचा मिळेल. यावरून मॅनेजरांचा आवाज चढत गेला.

"पंत, वीस वर्षांची ओळख आपली. तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे, म्हणून तर सांगत नाही. उद्या काही कमीजास्त झालं तर मला तुमच्याकडं बोट दाखवावं लागेल. ते मला नको आहे."

मॅनेजर लग्नाला गेले नाहीत. आहेर शिपायाच्या हाती पाठवला. साळूबाईनं त्या दिवशी मनातल्या मनात मॅनेजरांची बाजू घेतली. चार अक्षरं सांगायची, त्यात कसला एवढा ताठा? शेजारीण विरजण मागायला आली तर आपण पातेलं पालथं घालून दाखवतो का?

तिला पंतांचा राग यायला आणखीही कारण होतं. तिनं त्यांच्या टेबलाजवळ बादली नेली की ते हातातलं काम थांबवायचे, बारीक आवाजात म्हणायचे, "बाई, जरा बाहेर थांबा," आणि ती जाळीच्या बाहेर जाईपर्यंत एका बटणाला बोट लावायचे नाहीत. ती उन्हात, बादली पायाशी. आपण चोर आहोत का, हा प्रश्न ती रोज गिळायची. पुढं तिच्या लक्षात आलं की ते मॅनेजरांनाही असंच पाठमोरं व्हायला लावतात. त्यानं राग गेला नाही, पण थोडा वाटून गेला.

साळूबाई इस्लामपुरात तीन बँका झाडायची. शाळा दुसरीपर्यंत. पाटी वाचायची, पण आधी ओठ हलायचे, मग अर्थ यायचा. सकाळी सातला माडीवरची बँक. तिथं कॉम्प्युटर होता, पण उद्घाटनाच्या हारासकट प्लॅस्टिकच्या खोळीत बसवलेला, आणि कामं सगळी पूर्वीसारखी हातभर रुंद वह्यांत. त्या बँकेला धोका एवढाच की हाराच्या वाळक्या फुलांमुळं मुंग्या यायच्या. मग स्टँडजवळची बँक. तिथून निघताना त्यांचा लाखेनं बंद केलेला लखोटा आणि सहीची वही घेऊन पोस्टाशेजारची बँक. संध्याकाळी पाचला कचऱ्याच्या टोपल्या रिकाम्या करायला पुन्हा तिन्हीकडं फेरी.

यांतली तिची खरी बँक म्हणजे स्टँडजवळची. तिथले मॅनेजर सुमंतसाहेब देवमाणूस. चहा आला की एक कप साळूबाईचा. संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीला पातळ. कोणी पाहुणा आला तर म्हणायचे, ही आमच्या घरातलीच. आणि याच बँकेतून तिला कायम करण्याची फाईल सांगलीच्या मोठ्या ऑफिसला गेलेली होती. कायम म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार, रजा, म्हातारपणी पेन्शन. सात वर्षं फाईल गेलेलीच होती. साळूबाईचा नवरा नाथाजी फौजेतून दम्यामुळं वेळेआधी घरी आलेला, त्याच्या औषधपाण्यातच सगळं जायचं. या नोकरीवर तिनं म्हातारपण टांगून ठेवलं होतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात गावातल्या अकरा बायका तिच्या दारात आल्या. सगळ्या फौजी माणसांच्या विधवा. पेन्शन आता इस्लामपुरातल्या एखाद्या बँकेत घ्यायची होती आणि फॉर्मवर बँकेचं नाव लिहायचं होतं, आठ दिवसांत. त्यांच्यात थोरली रंगूबाई. तिचं म्हणणं, साहेब लोक आपल्याला दारातून बघतात, ही साळू त्यांच्या टेबलाखालून बघती. हिलाच विचारायचं.

रंगूबाईला एकच गोष्ट हवी होती. पेन्शन किती येते, कधी येते, हे तिच्या थोरल्या लेकाला कळता कामा नये. तो लेक जीपवाला, स्टँडवर सगळ्यांशी गळ्यात गळे. त्याला कळलं की महिन्याच्या तीन तारखेला ती रक्कम जीपच्या टायरात जायची.

अकराजणी बँक शोधताहेत ही बातमी सुमंतसाहेबांपर्यंत दुसऱ्या दिवशी पोचली. ते काही वाईट बोलले नाहीत. चहा पुढं सरकवत म्हणाले, त्या बायका आपल्याकडं आण, अकरा खाती एकदम आली तर सांगलीला तुझ्याबद्दल लिहायला मलाही काहीतरी हाताशी राहील. साळूबाईला त्या चहात पहिल्यांदाच साखर जास्त लागली. सात वर्षं चहा का मिळतोय, याचा तिनं कधी विचार केला नव्हता. आता विचार सुरू झाला तो थांबेना.

मग ती बँका बघायला लागली. झाडताना बघायची, पुसताना बघायची.

स्टँडजवळच्या बँकेत कॉम्प्युटरला काचेची थंडगार खोली होती. धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढून आत जायचं. साळूबाईला चपलांवरून आत कोण आहे ते कळायचं. कॉम्प्युटरवर काम भार्गवी नावाच्या मुलीचं, ती रोज कऱ्हाडहून एसटीनं यायची आणि साडेचारच्या गाडीनं जायची. पाचला टोपली घ्यायला गेलं की दाराशी भार्गवीच्या सपाता नसायच्या, दुसऱ्याच कोणाचे तरी बूट असायचे, आणि आतून विचारणा व्हायची, "भार्गवीच्या नावानंच चालू ठेवू ना?" त्यावर हॉलमधून कोणीतरी व्हय म्हणायचं. कोणाच्या मनात पाप असेल असं साळूबाईला वाटलं नाही. पण एका बाईच्या नावानं तीन गडी काम करतात हे तिला बरं दिसेना.

बुधवारी सकाळी नऊला तिथला फोन वाजला. राखणदार बाहेर पान आणायला गेलेला. साळूबाईनं ओला हात पदराला पुसून फोन उचलला. पलीकडून भार्गवी पेठ नाक्याच्या एसटीडी बूथमधून बोलत होती. गाडी बंद पडली होती, तासभर तरी लागणार होता.

"साळूबाई, आत सांगा, माझ्या नावानं मशीन चालू करा. पासवर्ड आपल्या औंधच्या देवीचं नाव, आणि पुढं माझं जन्मसाल. दुष्काळातली मी, लक्षात राहील ना?"

राहणारच. बहात्तरचा दुष्काळ विसरायला साळूबाई काय परदेशात होती? खडी फोडून फोडून तिच्या तळहाताला पडलेले घट्टे अजून होते. आणि भार्गवी दर पौर्णिमेला यमाईला जाते, प्रसाद सगळ्या बँकेत वाटते, हे स्टँडवरचा पेरूवालाही सांगेल. ती हॉलमध्ये गेली. कारकून नुकताच येऊन डबा ठेवत होता. त्याला तिनं निरोप सांगितला, देवी आणि दुष्काळ दोन्ही. तो मान वर न करता म्हणाला, "ते आम्हाला ठाऊकच आहे."

साळूबाई बादलीजवळ येऊन बसली, पण फडकं पिळायचं राहून गेलं. सबंध बँकेची किल्ली एका झाडूवाल्या बाईच्या हातून पाठवली, आणि पोचल्यावर कळलं की ती सगळ्यांकडं आधीपासूनच आहे. कोणी कोणाला नाही म्हणत नव्हतं. भिडेखातर सगळं चाललं होतं. आज भार्गवीच्या नावानं मशीन चालू करणारा कारकून उद्या जीपवाल्या लेकालाही भिडेखातर नाही म्हणणार नाही. एक चहा, एक पान, आणि आईचा आकडा.

संध्याकाळी भाकरी थापताना तिनं नाथाजीला विचारलं, "आवं, तुमच्या फौजेत ह्यो पासवर असायचा का?"

नाथाजीनं खोकून घेतलं आणि सांगितलं की छावणीत रोज नवा पासवर निघायचा. नाक्यावरचा संत्री विचारणार, आणि तो सांगितल्याशिवाय साहेबसुद्धा आत नाही.

"आन एकानं दुसऱ्याला सांगितला तर?"

"मग त्यो पासवर ऱ्हात न्हाई. मग ती निस्ती वळख हुती. आन वळखीवर कोणबी आत येतं."

"आमच्या पोस्टाजवळ एक म्हातारा हाय, त्यो मलाबी हाकलतो आन मॅनेजरलाबी."

"त्यो फौजेत हुता का?"

"न्हाई. वाईचा हाय."

नाथाजी बराच वेळ हसला, मग त्याला दम लागला.

शुक्रवारी तिनं सुमंतसाहेबांना सांगायचं ठरवलं. त्यांचं मीठ खाल्लेलं, आधी त्यांना सांगायला हवं असं तिला वाटलं. केबिनीत जाऊन तिनं निरोपाची गोष्ट सांगितली, बुटांची सांगितली, आणि साहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली गणपतीच्या फोटोला चिकटून एक चिठ्ठी आहे, पासवर्डचीच असावी, तीही झाकायला हवी, असं सांगून टाकलं. ही शेवटची गोष्ट सांगायला नको होती. साहेबांचा हात आपोआप काचेवर गेला.

"साळूबाई, ती चिठ्ठी तुम्ही वाचली?"

सात वर्षं ते तिला अगं-तूगं करत होते. आज पहिल्यांदा तुम्ही झाली.

"इंग्रजी हाय, सायेब. मला वाचाया येत न्हाई. पर ज्याला येतं त्योबी इथनंच जातो."

साहेब हसले, पण वरवर. घरातली गोष्ट घरात राहू द्या, म्हणाले, आणि त्या बायकांचं काय ठरलं ते विचारलं. दुसऱ्या दिवसापासून ती केबिन पुसायची तेव्हा राखणदार दारात उभा राहू लागला. चिठ्ठी होती तिथंच होती. साळूबाईला यातलं काय जास्त लागलं ते तिलाच कळेना. पंतांनी सगळ्यांवर संशय घेतला होता, इथं फक्त तिच्यावर घेतला गेला.

शनिवारी रंगूबाईच्या ओसरीवर अकराजणी फॉर्म घेऊन बसल्या. साळूबाईला रात्रभर झोप नव्हती. स्टँडजवळची म्हणावं तर नोकरी कायम व्हायची. पोस्टाशेजारची म्हणावं तर, आपण राग धरून बोलतोय का, हा संशय स्वतःवरच. तिनं तो उलटून पालटून पाहिला. राग होता तो पंतांवर. मग रागानं तरी ती त्यांचं नाव घेणार नव्हती.

तिनं नुसतं जे दिसलं ते सांगितलं. माडीवरच्या बँकेत वही आहे, ती कोणीही उघडतो. स्टँडजवळच्या बँकेत कॉम्प्युटर आहे, तोही कोणीही उघडतो. पोस्टाशेजारच्या बँकेत एक माणूस आहे, तो कोणाला उघडू देत नाही.

रंगूबाईनं विचारलं, "तितं चा तरी देत्यात का?"

"न्हाई आत्ती. बस म्हणूनबी म्हणत न्हाईत."

"माझा थोरला गेला तर?"

"तुमच्या थोरल्याला उनात उभा करतील."

रंगूबाईनं फॉर्म पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "साळे, तुझी फाईल हाय न्हवं त्या दुसऱ्या बँकेत?"

"हाय."

"आन तरीबी?"

फॉर्म लिहायला आलेल्या मास्तरांच्या पुढं साळूबाईनं शाईचं पॅड सरकवलं, आणि एकेकीचा अंगठा धरून उठवत गेली. अकरा वेळा.

सुमंतसाहेब रागावले नाहीत. रागावले असते तर साळूबाईला काही बोलता तरी आलं असतं. चहा येत राहिला, फक्त आता पेल्यात यायचा, कपात नाही. पावसाळ्यात सांगलीचा कागद आला. कायमची जागा भरली गेली होती, मिरजेकडची कोणी बाई एक तारखेपासून येणार होती. फाईल साहेबांनी अडवली की सांगलीनं, हे साळूबाईला कधी कळलं नाही. संशय तिनं दोघांत सारखा वाटून ठेवला. नाथाजी म्हणाला, माडीवरची आन पोस्टाची हाय की अजून, आन माझ्या औषधात पाणी घालून पिऊ. औषध पुडीचं होतं.

एकतीस तारखेला ती नेहमीच्या वेळेला स्टँडजवळच्या बँकेत आली. हॉल झाडला, केबिन पुसली, राखणदार दारात उभा असतानाच काच दोन्ही अंगांनी पुसली. चपला काढून थंड खोलीत गेली, कोपऱ्यातली जळमटं काढली. भार्गवी आली होती. तिनं हात धरून म्हटलं, माझ्यामुळं झालं का हो हे? साळूबाईनं सांगितलं की दुष्काळात जन्मलेल्या पोरीनं एवढं सैल राहू नये, आणि देवी बदलू नको, पण शब्द बदल. भार्गवीनं मान हलवली. बदलणार की नाही, याचा साळूबाईला भरवसा वाटला नाही.

साहेबांनी लखोटा आणि वही नेहमीसारखी टेबलाच्या कडेला ठेवली होती. ती उचलून साळूबाई निघाली. रस्त्यात ओळखीच्या बायकांनी हाका मारल्या, ती थांबली नाही. लखोटा हातात असताना ती कधीच थांबत नसे. पंतांनी जाळीतून लखोटा घेतला, लाख उजेडाकडं धरून पाहिली, उलटी करून पाहिली, वहीत सही केली, वेळ घातली, नऊ बावन्न. मग त्यांच्या लक्षात आलं की घड्याळ एक मिनिट पुढं आहे. त्यांनी आकडा खोडला, बाजूला पुन्हा सही केली, एक्कावन्न लिहिलं आणि वही तिच्याकडं सरकवली.

पाचला तिनं वही स्टँडजवळच्या बँकेत सुमंतसाहेबांच्या ट्रेमध्ये ठेवली, सही वर येईल अशी. टोपल्या रिकाम्या केल्या, फडकं तीन पाण्यांतून काढून मागच्या तारेवर वाळत घातलं, आणि माडीवरच्या बँकेच्या टोपल्या राहिल्या होत्या म्हणून तिकडं निघाली.